आठमचं चढतं पाणी

दाजी गेल्याचा फोन ताईनेच केला. सकाळी गुरांना चारा टाकून ओट्यावर टेकले, ते उठलेच नाहीत. "तुन्हा दाजी गयात रे भाऊ," एवढंच ती म्हणाली. लोणखेड्याला ताईच्या घरी पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं, आणि माझी नजर मात्र गोठ्याकडे गेली. आढ्याला त्यांची गळाची काठी टांगलेली होती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एसटीत ड्रायव्हर होते. सुरतच्या मुक्कामी गाडीवर असताना खाडीकाठी कुणीतरी लाकडाचा खोटा मासा फेकून खरा मासा धरताना त्यांनी पाहिला, आणि तिथून जे वेड लागलं ते निवृत्तीनंतर शेती करतानाही सुटलं नाही. घर माळकरी. मासा खाणं सोडाच, त्याचं नाव निघालं तरी ताईच्या कपाळाला आठी. दाजी धरलेला जिताडा मासा हलकेच पाण्यात सोडून द्यायचे. खाडीत उतरणाऱ्या आपल्याच तापीच्या पाण्यावर पोसलेलं लेकरू, म्हणायचे. तरी ताईने काठीला उंबरा ओलांडू दिला नाही. दाजींनाही अंगणात अंघोळ करूनच घरात प्रवेश.

माझी बायको वारली त्या वर्षी मी खोलीतून निघेनासा झालो होतो. समजूत घालायला येणारी माणसं नकोशी वाटत. दाजींनी समजुतीचा शब्दही काढला नाही. जीप दारात उभी केली आणि म्हणाले, "चाल, मन्हासंगे कोनी नही." मी गेलो. का गेलो, ते आजही सांगता येत नाही…

सुरुवातीला आम्ही सुरतेच्या त्या खाडीवर जायचो अवसेला. आमच्याकडे अवसेला औत जुंपत नाहीत, मजूरही येत नाहीत. शेतकऱ्याला तेवढीच सवड. दोन वर्षं हात हलवत परत आलो. कधी पहाटेला दोष दिला, कधी संध्याकाळला, कधी खोट्या माशाच्या रंगाला. शेवटी ताईच वैतागली. एकदा सुरतेच्या लग्नाला आठमीच्या सुमारास गेलात, तेव्हा मासा गावला म्हणून नाचत आलात. मग अवसेचाच हट्ट कशाला, असं तिने विचारलं. बायकोचं ऐकायला दाजींना महिना लागला. पण खरं तेच होतं. अवसेच्या उधाणात खाडी गढूळ होऊन धावते, माशाला खोटा मासा दिसतच नाही. आठमीला, म्हणजे अष्टमीला, पाणी निवळ असतं, आणि तिथे उजाडता उजाडता भरती सावकाश चढत असते. हीच ती वेळ. माशाचा अभ्यास आम्ही केला, उत्तर माळकरणीने दिलं, असं मी चिडवायचो आणि दाजी मिशीत हसायचे.

त्या चढत्या पाण्यात आम्ही शेजारी उभे राहायचो, ते उजवीकडे, मी डावीकडे. एकदा मला रडू आलं, तेव्हा त्यांनी काठी खाली ठेवली आणि माझं होईपर्यंत नुसते उभे राहिले. पाणी ऐन भरात होतं, अशा वेळी दाजी काठी खाली ठेवतील हे कुणाला खरं वाटणार नाही. त्या माणसाने मला पुन्हा माणसांत आणलं, आणि मी त्यांना हे कधी सांगितलं नाही. त्यांना ठाऊक असावं.

दिवसकार्य उरकल्यावर मी पुन्हा खोलीत बसू लागलो. गेल्या पंधरवड्यात ताईचा निरोप आला, येऊन जा. गेलो तर काठी घरात होती, देव्हाऱ्याच्या बाजूच्या भिंतीला टेकवलेली, पुसून लख्ख. जिने आयुष्यभर तिला शिवलं नाही, तिनेच ती आत आणली होती. ताई म्हणाली, "सकाय आठम शे. वाटमा खावाले दशम्या बांधेल शेतस. त्यास्नी काठी लई जाय."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी खाडीवर होतो. सबंध काठ मोकळा होता. पाणी चढायला लागलं, आणि मी आपसूक डावीकडे सरकून उभा राहिलो.