सोनाक्कांनी उघड केलेलं नाव

हसनाबाद माझं माहेर. तिथून सोनाक्कांच्या सुनेचा फोन आला, तेव्हा मी मेथी निवडत होते. "मावशी, आत्याबाई गेल्या," एवढंच ती म्हणाली... दीड महिना झाला, तरी दुपारी डोळा लागला की मी त्यांच्या अंगणातच असते. लिंबाची सावली हलत असते, कुटलेल्या पाल्याचा कडवट वास येत असतो.

सोनाक्का झाडपाल्याचं औषध द्यायच्या. उभा जन्म मेंढ्यांमागं गेलेला. कोणता पाला मेंढरू खातं नि कोणता हुंगून सोडतं, हीच त्यांची शाळा. तुम्ही गेलात की आधी बसा म्हणायच्या. मग जीभ बघायच्या, डोळ्याची पापणी ओढून बघायच्या, झोप कशी, काल काय खाल्लं, घरात कोणाशी वाजलं का, सगळं विचारायच्या. औषध मात्र पाठमोऱ्या होऊन कुटायच्या. नाव सांगितलं की गुण जातो, असं सासऱ्यांनी त्यांना बजावलेलं होतं.

आमच्या ह्यांना कावीळ झाली तेव्हा मी शहाणपणा केला. जालन्याच्या दवाखान्यातल्या गोळ्याही चालू ठेवल्या आणि अक्कांचा रसही. दोघांनाही एकमेकांचं सांगितलं नाही. आठ दिवसांत माणूस ग्लानीत गेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी रडत सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, पाला कशाचा ते कळल्याशिवाय मी पुढं कशी जाऊ? मी अक्कांना फोन लावला. सगळं ऐकून घेऊन त्यांनी फोन ठेवला.

दुपारच्या एसटीनं अक्का स्वतःच आल्या. पदरातून हिरवी काडी काढून टेबलावर ठेवली. "गुळवेल हाय, बाई. दुसरं काही न्हाई त्यात."

बांधावर कुठंही चढणारी गुळवेल! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणाकुणाच्या लिव्हरला ही सोसत नाही, आता थेंबही नको. अक्का म्हणाल्या, बंद म्हंजे बिलकुल बंद. बाहेर मी त्यांचे पाय धरले, तुमचा गुण घालवला मी, म्हणाले.

"गुण गेला तर जाऊ दे गं. माणूस राह्यला पायजे."

हे वाचले, तीन आठवड्यांनी घरी आले. पण गावात झालं ते झालंच. अक्कांच्या हाताचा गुण गेला म्हणून निम्मे लोक यायचे थांबले. जे आले त्यांना मात्र अक्का समोर बसवून कुटायला लागल्या. एकेका पाल्याचं नाव त्यांच्याकडून वदवून घ्यायच्या. दवाखान्यात विचारलं तर हेच सांगायचं, असं बजावायच्या.

परवा हसनाबादला त्यांच्या घरी गेले होते. मंठ्याकडची एक बाई गुडघे धरत आली होती, अक्का गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. सुनेनं पाणी दिलं, अंगणातल्या झाडांमधून फिरवलं. हा अडुळसा, ही निरगुडी, हा माका... बाईनं विचारलं, मंग माझ्या गुडघ्याला यातलं काय देतीस?

सुनेनं निरगुडीच्या पानावरून हात फिरवला.

"ते आत्याबाईंसंगं गेलं, मावशी. मला नावं तेवढी येतात."