पायाखालचा पाय

आप्पांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक दुसरा माणूस जाताना दारात थांबून आईच्या कानात सांगायचा, "डॉक्टरचं चालू दे, पण एकदा बाहेरचं बी बघून घ्या." तिसऱ्या दिवशी मी दारातच उभी राहिले. म्हटलं, "बाहेरचं काही नाही. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. रिपोर्ट दाखवू का?"

मी बीसीए आहे. आईकडच्या आणि आप्पांकडच्या नात्यात डिग्री घेणारी पहिली. हे मी अभिमानानेच सांगते, कारण आप्पांनी दिवसभर मागावर उभं राहून मला शिकवलंय. आकडे दिसले की मी विश्वास ठेवते, नाहीतर नाही. म्हणूनच पुढचं लिहिताना जरा लाज वाटतेय... पण जे डोळ्यांनी पाहिलं, ते लिहिते.

आमचं घर बेळगावात वडगावला. पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम, मागे आम्ही तिघं. आप्पांची डावी बाजू गेली आणि माग थांबले. आईने मागांवर चादरी टाकल्या आणि शेजाऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून द्यायला सुरुवात केली. सकाळी ऑफिसला जायच्या आधी आई आणि मी आप्पांना उचलून मोरीत न्यायचो. मी धरलं की आप्पा तोंड भिंतीकडे फिरवायचे. त्या दिवसांबद्दल याहून जास्त मला लिहायचं नाही.

हळूहळू हात थोडा हलू लागला. बोलणं जड, पण कळण्यासारखं झालं. डावा पाय मात्र लाकडासारखा.

एक गोष्ट आम्ही लपवली होती. आप्पांची थोरली बहीण निपाणीला असते. माझी आत्या, आप्पांची आक्का. आजी लवकर गेली, आप्पांना आत्यानेच वाढवलं. लग्न होऊन निपाणीला गेली, तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढलं, आता हार्टचा त्रास. धाकट्याला झटका आला हे ऐकून तिचंच काही व्हायला नको, म्हणून आईने ठरवलं – सांगायचं नाही. निपाणीत कुणालाच नाही. तिचा फोन आला की मी सांगायची, "आप्पा हुबळीकडच्या एका खेड्यात मागाच्या कामाला गेलेत, तिथं रेंज नाही." चार महिने हेच. आप्पांना फोन देणार तरी कसा? पहिल्या शब्दाला तिने ओळखलं असतं.

शहरातल्या एका रिहॅब सेंटरमध्ये चालायला शिकवायचं मशीन आहे. ट्रेडमिलच, पण वर हूक असतो. पेशंटला पट्ट्यांचं जॅकेट घालून त्या हुकाला अडकवतात, म्हणजे अंगाचा भार मशीन घेतं आणि पडायची भीती नसते. ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्याखाली सेन्सर असतात. कुठल्या पायावर किती भार आला ते समोरच्या स्क्रीनवर दोन उभ्या रेघांत दिसतं. उजव्याची निळी, डाव्याची पिवळी.

आप्पांची पिवळी रेघ कधी हललीच नाही.

मशीन एकच आणि वेटिंग लांब. मोठ्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं – मंगळवारी रिव्ह्यू. तोवर डाव्या पायाने काहीच भार घेतला नाही, तर जागा दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल आणि आप्पांना व्हीलचेअर वापरायला शिकवू. आप्पांनी ऐकलं आणि घरी येताना रिक्षात म्हणाले, "पूजे, बास आता. कशाला लोकांची जागा अडवायची."

"मंगळवारपर्यंत गप्प बसा," मी म्हटलं. वापरायला नको होता तो आवाज मी वापरला.

जे सांगायचंय ते झालं त्या गुरुवारी, दुपारी सव्वातीनला. वेळ मला अंदाजाने नाही, मशीनच्या प्रिंटवरून माहीत आहे. मी हाफ डे घेतला होता. हॉलमध्ये आप्पा, मी आणि दीपा मॅडम म्हणून फिजिओथेरपिस्ट, एवढेच होतो. मॅडमची भाषा कन्नड, पण मराठी छान बोलतात.

वीस मिनिटं झाली. मॅडम खाली बसून आप्पांचा डावा पाय हाताने पुढे ठेवायच्या, रेघ शून्य. पुन्हा ठेवायच्या, शून्य. आप्पांच्या बुटाचा पट्टा सुटला म्हणून मॅडमनी मशीन थांबवलं आणि बटण दाबून आप्पांना वर उचललं. "दोन मिनिट लटका हं आप्पा, झोपाळा समजा."

आप्पा हसले नाहीत. त्यांचे दोन्ही पाय ट्रेडमिलपासून वीतभर वर होते. ट्रेडमिल बंद. त्यावर कुणीही नाही.

आणि पिवळी रेघ वर चढली.

मला आधी वाटलं, मी उजवी-डावी चुकतेय. रेघ खाली गेली. मग निळी चढली, उतरली. मग पिवळी – दोनदा. निळी एकदा, पिवळी दोनदा. घाई नाही, सावकाश, एका लयीत.

"मॅडम... हे काय आहे?"

त्यांनी पाहिलं. "अय्यो, सेन्सर." रिसेट दाबलं. दोन्ही रेघा शून्य. आम्ही दोघी स्क्रीनकडे बघत राहिलो. श्वास सोडणार, तेवढ्यात निळी एकदा... पिवळी दोनदा.

मॅडमनी वाकून आप्पांचे बूट आणि ट्रेडमिल यांच्या मधून हात आडवा फिरवला. मधे काहीच नव्हतं. त्यांनी हात काढून घेतला आणि नकळत ओढणीला पुसला, ते मला अजून आठवतं.

"मी बंद करते मशीन," त्या म्हणाल्या. "हे बरोबर नाही. रूल आहे."

"बंद करू नगासा!"

आप्पा. झटका आल्यापासून एवढा मोठा आवाज त्यांनी काढला नव्हता. चेहरा घामाने भिजलेला, नजर खाली.

"आप्पा, काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"न्हाय गं... पायाखाली पाय हाय."

"कुणाचा?"

त्यांचा डावा गुडघा थरथरत होता. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"मला खाली सोडा," ते म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मशीनच बिघडलं असेल तर वरचा हूकही बिघडलेला असेल. आप्पा पडले, डोक्याला लागलं, तर? पण मंगळवार पाच दिवसांवर होता, आणि तो गुडघा मी बघत होते.

"सोडा मॅडम. मी समोर उभी राहते."

मोटरचा घुर्र आवाज झाला. बोटं टेकली, मग टाचा. मी दोन्ही हात पसरून उभी. पिवळी रेघ चढली आणि यावेळी उतरली नाही. तिथेच थांबली. आणि आप्पांनी उजवा पाय उचलून पुढे टाकला.

उजवा पाय तर चांगलाच होता, त्यात काय एवढं – असं वाटेल. पण उजवा उचलायचा तर तेवढा वेळ सगळा माणूस डाव्यावर उभा असावा लागतो. आप्पा उभे होते. मॅडम कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटल्या आणि रडायला लागल्या. मी नाही रडले. मी प्रिंट मागितली.

आप्पांना घरी सोडून मी औषधं आणायला निघाले. साडेपाच वाजले असतील. मेडिकलच्या दारात मोबाईल वाजला. आत्या.

"पूजे, तुझा बा कुठं हाय?"

"हुबळीला, आत्या. सांगितलं ना..."

"खोटं बोलू नगंस! दुपारी च्या पिऊन दारात बसलोतो. डोळा लागला न्हवता, शेजारीण बोलत व्हती माझ्यासंगं. आन् माझ्या दोन्ही पायांवर कुणीतर पाय ठेवलं. लहानपणी धाकटा ठेवायचा तसं."

मी मेडिकलच्या पायरीवर बसले.

आत्याने सांगितलं ते असं. तेव्हा घरात खड्ड्याचा हातमाग होता. माणूस काठावर बसायचा, पाय खड्ड्यात, आणि तळाशी पावड्या – पायाने दाबायच्या फळ्या. लहानग्या आप्पांचे पाय पुरायचे नाहीत. मग आत्या त्यांना मांडीवर घ्यायची, त्यांचे पाय आपल्या पायांवर ठेवायची आणि पावड्या दाबायची. आप्पा विणकाम असे शिकले.

"आज बी तसंच झालं बघ. माझं पाय आपसूक दाबाय लागलं. शेजारीण हसाय लागली, म्हातारी नाचती का काय म्हणून. उजवी एकदा, डावी दोनदा. त्या डाव्या पावडीची दोरी सैल व्हती, एकदा दाबून खाली जायाची न्हाय." मग आवाज एकदम बारीक झाला. "लई जड झालाय गं त्यो. काय झालंय त्येला?"

प्रिंट माझ्या पर्समध्ये होती. ती मी आईलासुद्धा दाखवली नव्हती. मी सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या एकटी, बसने, दारात हजर. आईला म्हणाली, "लपवून ठिवलासा व्हय? मी मेल्यावर सांगणार व्हतासा?" आई रडायला लागली, तर म्हणाली, "रडू नगं, च्या टाक." मग आप्पांच्या खाटेवर बसून त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. "किती जोर देतोस रं! डावा पाय अजून ठणकतोय माझा."

आप्पा लहान मुलासारखे रडले.

मी माझ्या परीने शोध घेतला. कंपनीचा टेक्निशियन येऊन गेला, सेन्सर व्यवस्थित निघाले. "भार आला म्हणून दाखवला," एवढंच तो म्हणाला. भार कुणाचा, विचारलं तर खांदे उडवले. मॅडम म्हणतात, पट्ट्यांच्या हेलकाव्याने फ्रेम हलली असेल. असेलही. पण फ्रेम डावीकडे दोनदा आणि उजवीकडे एकदाच का हलेल? निपाणीत कुणी आत्याला आधी सांगितलं होतं का, तेही विचारून पाहिलं. कुणी नाही. शेजारणीला वेळ विचारली. "तीनची बस गेली, त्यानंतर," म्हणाली. सैल दोरीबद्दल आप्पांना विचारलं, तर त्यांना आठवतच नव्हतं. प्रिंट मी फाइलमध्ये ठेवलीय.

मंगळवारी डॉक्टरांनी पिवळी रेघ पाहिली आणि आप्पांची जागा राहिली. पुढचे अडीच महिने आप्पांनी त्या मशीनवर घाम गाळला. ते श्रेय त्यांचं आणि मॅडमचं, हेही लिहिते.

गेल्या रविवारी आम्ही निपाणीला गेलो. आप्पा बसच्या पायऱ्या दांडी धरून स्वतः उतरले. स्टँडपासून आत्याच्या घरापर्यंत एका हातात काठी घेऊन चालत गेले. मी दोन पावलं मागे होते. एकदाही हात लावावा लागला नाही.