उजव्या गुडघ्यातले वीस अंश

"अजून थोडा वर, टीचर," मी म्हणालो.

"पुरे," टीचर म्हणाल्या आणि पाय खाली घेतला.

माझ्या स्क्रीनवर ॲपने मोजलेला आकडा उमटला. वीस. सलग सहाव्या सेशनला वीस.

सुगुणाबाई तिरुविडैमरुदूरला राहतात. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. गावात त्यांना सगळे टीचरच म्हणतात. पाच आठवड्यांपूर्वी चेन्नईत त्यांच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला होता. नंतरची फिजिओथेरपी व्हिडिओवर होणार होती. त्यांच्या फॉर्मवर मातृभाषा म्हणून मराठी लिहिलेलं होतं, म्हणून बंगळुरूच्या आमच्या कंपनीच्या सिस्टिमने त्यांना माझ्याकडे पाठवलं. मीही तंजावरकडच्या मराठी घरातला, कुंभकोणमला बसतो. बसने गेलं तर त्यांचं घर अर्ध्या तासावर. पण कंपनीचा नियम स्पष्ट आहे: थेरपिस्टने पेशंटच्या घरी जायचं नाही.

वीस म्हणजे काय ते सांगतो. खुर्चीवर बसून पाय सरळ केला की गुडघा पूर्ण उघडला पाहिजे. तो शून्य अंश. टीचरांचा पाय वीस अंश अलीकडेच थांबत होता. पलंगावर पाय ठेवला तर तो आपोआप सपाट होत होता, म्हणजे सांधा मोकळा होता. सांधा मोकळा, पण स्वतःच्या ताकदीने सरळ होत नाही, याला आम्ही 'लॅग' म्हणतो. बहुतेकदा कारण साधं असतं. मांडीचा स्नायू दुबळा असतो आणि व्यायामाने सुधारतो. क्वचित कारण वाईट असतं. वाटीला धरून ठेवणारा स्नायूबंध फाटलेला असतो. मग गुडघा पुन्हा उघडावा लागतो.

मी पहिलं कारण धरून चाललो. व्यायाम वाढवले. आकडा हलला नाही, गुडघ्याला सूज मात्र आली. प्रत्येक सेशननंतर मी इंग्रजी रिपोर्टमध्ये 'लॅग वीस' असं लिहून चेन्नईला पाठवत होतो. टीचरांना मात्र एवढंच सांगत होतो, "थोडं कमी आहे, होईल."

सहाव्या रिपोर्टनंतर सर्जनचं उत्तर आलं. शुक्रवारी तपासणीला यावं, त्याआधी एमआरआय करावा, स्नायूबंध फाटला असल्यास पुन्हा शस्त्रक्रिया. ते पत्र टीचरांनाही गेलं.

मंगळवारी त्यांची सून पद्मा हिचा फोन आला. सासूला ती मामी म्हणते. "सार्, मामी जेवल्या नाहीत. पुन्हा टेबलावर झोपणार नाही म्हणतात. लंगडी राहीन म्हणतात, पण जाणार नाही."

"चालतात कशा सध्या?"

"बऱ्या चालतात की. काल काठी विसरून तिण्णैच्या तिन्ही पायऱ्या चढल्या. मीच ओरडले."

तिण्णै म्हणजे घरापुढचा ओटा. मी विचारलं, "कोणता पाय आधी टाकला?"

"उजवा. मंगल पाय तो. डावा आधी टाकतील काय त्या?"

मी फोन ठेवला. फाटलेला स्नायूबंध घेऊन माणूस त्या पायावर पायरी चढत नाही. गुडघा मुडपून खाली बसतो. दुसरी गोष्टही आता मला खटकू लागली. दुबळा स्नायू इतका शिस्तीत वागत नाही. सकाळी अठरा, संध्याकाळी तेवीस, असा तो डगमगतो. सहा सेशन मोजून वीस, हे स्नायूचं काम वाटत नव्हतं.

क्लिनिकमध्ये असतो तर हा प्रश्न दोन मिनिटांत सुटला असता. मांडीवर हात ठेवला असता, स्नायू आवळताना कळला असता. एकोणीस वर्षं मी हातांनीच काम केलं. मग दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी असलेले सांधे झिजले. लोकांचे सांधे दाबून आमच्या धंद्यात हे होतं. दुखणारा अंगठा घेऊन दुसऱ्याचं दुखणं दाबता येत नाही, म्हणून गेल्या वर्षी मी स्क्रीनपुढे आलो. हात काढून घेतले तर फिजिओथेरपिस्टकडे काय उरतं, याचं मला कुतूहल होतं. त्या मंगळवारी उत्तर फारसं उत्साहवर्धक नव्हतं.

बंगळुरूला आमच्या क्लिनिकल लीड शैला मॅडम आहेत. त्यांना सगळं सांगितलं.

"एमआरआय होऊ दे ना," त्या म्हणाल्या. "तुम्ही का अडवताय?"

"अडवत नाही. माझं मोजमाप चुकतंय असं वाटतं."

"ॲप चुकतं म्हणता? सहा वेळा? तेही एकच आकडा देऊन?"

"ॲप नाही, मॅडम. काय ते माहीत नाही अजून."

"गुरुवारपर्यंत बघा. नंतर मी रिपोर्ट बदलू देणार नाही."

मी पद्माला एक काम सांगितलं. टीचर संध्याकाळी स्वतःचे व्यायाम करतात, तेव्हा बाजूने व्हिडिओ काढून पाठव. कॉल नको, मी नको.

बुधवारी व्हिडिओ आला. तीच खुर्ची, तीच अंगणालगतची जागा, कारण घरात नेटवर्क फक्त तिथे मिळतं. टीचरांनी पाय उचलला. गुडघा उघडत गेला आणि सरळ झाला. एकदम सरळ. दहा वेळा. मी आकडा काढला. शून्य.

लगेच कॉल लावला. टीचर त्याच खुर्चीवर बसल्या. फोन नेहमीसारखा समोरच्या स्टुलावर, किंचित उजवीकडे.

"टीचर, पाय सरळ करा बघू."

वीस.

"काल संध्याकाळी पूर्ण झाला होता. मी व्हिडिओ पाहिला."

पद्मा मागून म्हणाली, "मामी, सांगा की."

"मला काय विचारतोस?" टीचर शेवटी म्हणाल्या. "तुझ्या मागं कोण आहेत ते बघ."

मी मागे वळून पाहिलं. भिंतीवर आमच्या घरातलं तंजावरी चित्र आहे. सोनेरी मखरात लोण्याचा गोळा घेतलेला कृष्ण. माझं टेबल त्या भिंतीलगत आहे, कारण प्लग तिथेच आहे.

"त्यांच्या तोंडाकडं तळपाय करू?" टीचर म्हणाल्या. "याच्या वर घेतला की तळवा समोर येतो. तिथं थांबवते. रोज तिथंच."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तूच बसलास की त्यांच्या पुढं. आपल्यातला माणूस, तुला ठाऊक असेल म्हटलं. आणि तू काय सांगितलंस? थोडं कमी आहे, होईल. मी म्हटलं, मला ठाऊकच आहे किती कमी आहे."

"त्या थोड्यामुळंच ते पुन्हा ऑपरेशन म्हणताहेत, टीचर."

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी तीन रात्री झोपले नाही, ते तुझ्या रिपोर्टापायी?"

"हो."

"माझ्या वर्गात असतास तर बाकावर उभा केला असता."

मी कंपनीचा व्हर्च्युअल बॅकग्राउंड लावला. माझ्या मागे निळसर कोरी भिंत आली. "आता?"

"झाकले म्हणून गेले काय?"

मग मी लॅपटॉप उचलला आणि टेबल खिडकीपाशी ओढलं. चार्जरची वायर पुरली नाही, बॅटरी एकतीस टक्के होती, तेवढ्यात सेशन घेतलं. मी लॅपटॉप कुठे ठेवला ते टीचरांनी नीट दाखवायला लावलं. खात्री झाल्यावर पाय उचलला. शून्य. पाच वेळा मोजला, पाचही वेळा शून्य.

दुरुस्त रिपोर्ट बुधवारीच गेला, सोबत दोन्ही व्हिडिओ. सर्जनने एमआरआय थांबवला. शुक्रवारी चेन्नईत त्यांनी स्वतः हाताने गुडघा तपासला आणि व्यायाम कमी करायला सांगितले. सूज माझ्या जादा व्यायामांचीच होती. ती दहा दिवसांत उतरली.

शैला मॅडमनी चूक नोंदवायचा फॉर्म भरायला सांगितला. त्यात कारण निवडायचं असतं: पेशंटचं असहकार्य, उपकरणातला दोष, नेटवर्क. मी 'इतर' निवडलं आणि लिहिलं, "थेरपिस्टची बसण्याची जागा. तसंच, आकड्याचा अर्थ पेशंटला सांगितला नव्हता." मॅडमनी फोन करून विचारलं, पहिलं वाक्य गंभीरपणे लिहिलंय का. मी हो म्हटलं.

माझ्या जुन्या क्लिनिकमध्ये देवाचं चित्र खाटेच्या उशाकडे होतं, पेशंटचे पाय दाराकडे. ते तसं कोणी लावलं ते मला माहीत नाही. इतकी वर्षं तिथे एकाही पेशंटचा पाय अडला नाही आणि मी ते माझं कौशल्य समजत होतो.

आता नव्या पेशंटला दुखणं विचारण्याआधी मी विचारतो, "माझ्या मागे तुम्हाला काय दिसतंय?" बहुतेकांना प्रश्न विचित्र वाटतो. परवा इन्नंबूरचे एक आजोबा निरखून म्हणाले, "वाळत टाकलेला टॉवेल." मी तो काढून आलो आणि त्यांना पाय उचलायला सांगितलं.