डाव्या पायाला काम नसलेली गाडी

सोमवार, ३ मार्च. रक्कम सात लाख साठ हजार. हजर पाच जण: माझे दाजी, माझी थोरली बहीण म्हणजे आमची आक्का, गाडी घेणारा उचगावचा एक तरुण व्यापारी, त्याला घेऊन आलेला दलाल आणि मी. जागा शिवाजी पेठेतल्या दाजींच्या घराची पुढची खोली.

पैसे आक्काच्या खात्यावर जमा झाल्याचा मेसेज आला. मी तो दोनदा वाचला आणि मान हलवली. दाजींनी दोन्ही किल्ल्या टेबलावरून पुढे सरकवल्या आणि त्या पोराला म्हणाले, "एकच अट हाय. पायात बूट घालून चालवायची."

त्याला ती गंमत वाटली. "बूट घालूनच चालवतो की, काका." दलालही हसला. आक्का उठून आत गेली.

ही गाडी आमच्याकडे आली २०२१ साली. त्याच्या आदल्या वर्षी साखरेच्या आजाराने दाजींचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. निमित्त नव्या चपलेचं. आमच्याकडे नवी चप्पल चावतेच, चार दिवस चावून मग ती आपली होते, असं सगळेच धरून चालतात. दाजींनीही तसंच धरलं, आणि पायाला दुखत नव्हतं म्हणून जखम भरत आली असेल असं समजले. दुखत नव्हतं, हेच वाईट होतं. ते आम्हाला नंतर कळलं.

पाय गेल्यावर वर्षभर ते घरात बसून होते. दाजींचं लेथचं वर्कशॉप आहे, गुऱ्हाळाच्या चरकांची दुरुस्ती हे मुख्य काम. मापं घ्यायला गावोगाव जायची त्यांना सवय. कुणाला तरी 'मला सोडा' म्हणायचं त्यांना जमेना. त्यांनी गिऱ्हाइकांचे फोन घेणं बंद केलं, मग जेवण कमी केलं. आक्का मला म्हणाली, "ह्यांना कुठंतरी जाऊ दे रं. नाहीतर हितंच संपतील."

मग ही गाडी सापडली. पुण्यातल्या एका डॉक्टरांची, २०१५ ची. थोराड, महागड्या मोटारींसाठी ओळखल्या जाणाऱ्या एका परदेशी कंपनीने काढलेली ही धाकटी सेडान. तशा गाड्या पूर्वी फक्त मोठ्याच असायच्या, मागे मालक आणि पुढे ड्रायव्हर. मग कंपन्यांना वाटलं की स्वतः चालवणाऱ्या तरुण गिऱ्हाइकालाही आपलं चिन्ह परवडलं पाहिजे. म्हणून लांबी साडेचार मीटरच्या आसपास आणली, आतलं चामडं आणि बटणं मोठ्या गाडीसारखी ठेवली, आणि काटकसर केली ती मागच्या सीटवर. मागे मधोमध उंचवटा आहे. तिसरा माणूस बसला तर त्याने पाय कुठे ठेवायचे हे कुणी ठरवलेलंच नाही.

साडेतेरा लाख मला जास्त वाटले, आणि मी तसं तोंडावर सांगितलं. वर्षाची सर्व्हिसिंग अडतीस हजार. पोट इतकं खाली की पेठेतल्या प्रत्येक स्पीडब्रेकरला घासणार. छतातली काच उघडते, पण कोल्हापुरात ती उघडून धूळ सोडून काय घ्यायचं? दाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"पावणं," ते म्हणाले, "हिला क्लच न्हाय. डाव्या पायाला कामच न्हाय. तेवढं धरा की हिशोबात."

ते मी धरलं नव्हतं. गिअर आपोआप पडतात, हँडब्रेक बटणावर. सीट बटणाने इतकं मागे सरकतं की कृत्रिम पाय हाताने उचलून आत ठेवता येतो, आणि दुसऱ्या बटणाने ते आपल्या जागी परत येतं. मोठी गाडी आमच्या गल्लीत वळली नसती, ही एका दमात वळायची. आरटीओत जाऊन परवान्यावर रीतसर नोंद करून घेतली आणि दाजी पुन्हा हिंडू लागले. साडेतीन वर्षं हिंडले. त्या काळात आक्काने मला रडून एकदाही फोन केला नाही.

दाजी त्या गाडीत अनवाणी बसायचे. दाराशी आले की उजव्या पायातली चप्पल काढून कापडी पिशवीत घालायची आणि पिशवी डिकीत टाकायची. आम्हालाही तोच नियम. दर अमावास्येला हळदकुंकू, लिंबू, नारळ हे तर सगळेच करतात. दाजी त्यापुढे गेले होते. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "लक्ष्मी हाय ती. लक्ष्मीवर चप्पल घालून पाय द्यायचा व्हय?" मला त्यात वावगं काही दिसलं नाही. गाडी आतून नव्यासारखी राहिली होती.

गेल्या डिसेंबरात एका रविवारी आम्ही तिघं मलकापूरला निघालो. दाजींना एका गुऱ्हाळावर चरकाच्या झिजलेल्या दांड्याचं माप घ्यायचं होतं, आक्काला नात्यातली बाळंतीण बघायची होती, मला सुट्टी होती. पहाटेच निघालो. बांबवड्याच्या पुढे धुकं इतकं दाटलं की पुढचा ट्रक फक्त लाल दिव्यांवरून कळायचा. काच आतून धुरकट होऊ लागली, आक्का कुडकुडायला लागली. दाजींनी बटणं दाबून गरम हवा सुरू केली.

त्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूची हवा वेगळी आणि शेजारच्याची वेगळी ठेवता येते, आणि ती काचेवर, तोंडावर की पायावर सोडायची हेही ठरवता येतं. दाजींनी काच साफ केली आणि मग हवा पायांवर सोडली, कारण तोंडावर आली की त्यांचे डोळे चुरचुरायचे. आपल्या बाजूची खिडकी बोटभर उघडी ठेवली, धुक्यात समोरच्या गाडीचा आवाज यावा म्हणून. आक्का सीटवर मांडी घालून बसली होती. मी मागे, मोज्यांत. गरम हवा ज्याच्या उघड्या पायावर थेट येत होती असा माणूस एकच होता. मलकापूरला पोचायला जवळजवळ दोन तास लागले. वाटेत दाजी खुशीत होते, धुक्याला शिव्या देत होते आणि माझ्या मोज्यांच्या भोकावरून माझी थट्टा करत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आक्काने त्यांचा पाय धुवायला घेतला तेव्हा वरच्या बाजूला तळहाताएवढा फोड होता. तो फुटलेलाही होता. दाजी म्हणाले, चप्पल चावली असंल. आक्काने पुन्हा पायाकडे बघितलं आणि मला फोन केला.

पंधरा दिवसांत तीन बोटं काळी पडली. ती काढली, मग मांडीची कातडी काढून वर लावली. पाय राहिला. नवीन वर्षात एका तपासणीला माझा एक भाचा आम्हा तिघांना गाडीतून घेऊन गेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांच्या हातात एका दांडीला बसवलेला नायलॉनचा जाड दोरा होता. त्यांनी दाजींना डोळे मिटायला सांगितलं. दोरा लागला की हो म्हणायचं.

त्यांनी अंगठ्याला दोरा टेकवला. दाजी गप्प. टाचेला टेकवला, गप्प. मग दाजींना काहीतरी उमगलं असावं. ते म्हणाले, "व्हय." जरा थांबून पुन्हा, "व्हय." मग आणखी एकदा, तेवढंच थांबून. आवाज ठाम होता, वर्कशॉपमध्ये माप सांगताना असतो तसा.

डॉक्टरीणबाईंचा हात त्या वेळी स्वतःच्या मांडीवर होता.

आक्काने माझ्या दंडाला धरलं. डॉक्टरीणबाई कुणाकडेच न बघता म्हणाल्या, डोळे उघडा. नंतर त्यांनी सावकाश समजावलं. ह्या पायाला आपण ब्रेकवर आहोत की एक्सलेटरवर, किती दाबतोय, ते कळत नाही. बहुधा बरेच महिने कळत नसावं. गाडीतल्या गरम हवेने भाजलं, तेही म्हणूनच कळलं नाही.

दाजींनी वाद घातला नाही. परत येताना, भाचा गाडी चालवत असताना, ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पावणं, वरीसभर मी नुसत्या इंजिनाच्या आवाजावर चालवत हुतो. तुमच्या आक्काला सांगू नगा." आक्का माझ्या शेजारीच बसली होती.

त्यानंतर गाडी गल्लीत उभी राहिली. रोज सकाळी तिला बघत चहा प्यायचा हे दाजींनीच नको म्हटलं, आणि मी दलालाला बोलावलं.

सात लाख साठ हजारांतून दलालाला दहा हजार दिले. दोन्ही शस्त्रक्रियांचे मिळून तीन लाख बारा हजार दवाखान्याला. चार लाख आक्काच्या नावावर मुदतठेव. उरले अडतीस हजार, ते घरात ठेवले. एक दिवसाआड ड्रेसिंगला न्यायला गल्लीच्या तोंडावरची रिक्षा महिन्याने ठरवली. रिक्षावाला दाजींना मागे बसवतो आणि पाय ठेवायला समोर एक लाकडी पाट टाकतो. पाच एप्रिलला पहिल्या महिन्याचे साडेपाच हजार दाजींनी त्याला स्वतःच्या हाताने दिले.