पाच नंबरचा वाफा

ज्या वाफ्यांना राब लावायचा नव्हता, त्यांना मी राब लावला. चार वाफे, एका दुपारी, कोणी न सांगता. गेल्या पंधरा वर्षांत ही गोष्ट मी नाना तऱ्हांनी सांगून पाहिली; कधी दोष वाऱ्यावर ढकलला, कधी वडिलांवर, एकदा तर बैलांवरसुद्धा. पण महिन्यापूर्वी साळुंके साहेब मोहोपाड्याला मुलाच्या घरी वारल्याचं पोस्टकार्ड आलं आणि ते हातात धरून मी बसलो, तेव्हा मनात आधी जे आलं ते दुःख नव्हतं. चडफड होती. माणूस गेला, आणि आमचं भांडण अर्ध्यावरच राहिलं...

साहेब आमच्या गावाला लागून असलेल्या भात संशोधन केंद्रात शेती सहायक होते. मूळचे साताऱ्याकडचे, ज्वारीच्या मुलखातले. भात त्यांना नोकरीत भेटला आणि मग सुटला नाही. हायस्कुलातल्या पोरांसाठी मे महिन्यात केंद्रावर शिकाऊ वर्ग काढायचा, हे खूळ त्यांचंच. वरच्या कचेरीला अर्ज करकरून त्यांनी तो मंजूर करून घेतला. नववी संपलेली आम्ही दहा पोरं. सकाळी शेतावर, दुपारी शेडमध्ये वही घेऊन. ओल्या गोणपाटात बी गुंडाळून किती उगवतं ते मोजायचं, बियाणं मिठाच्या पाण्यात ओतायचं आणि जे तरंगेल ते पोचट म्हणून काढून टाकायचं. पहिल्याच दिवशी मी बादलीत वाकून बघायला लागलो तेव्हा साहेब म्हणाले, "तू जरा लांबनं बघ रं. पडलास तर तरंगशील."

तो उन्हाळा त्यांच्या राबाच्या प्रयोगाचा तिसरा आणि शेवटचा. आमच्याकडे भाताचं रोप टाकायची जागा आधी भाजून घेतात. शेण, झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, वर गवत आणि मातीचा थर, की दे पेटवून. त्यालाच राब म्हणायचं. त्यासाठी डोंगराची झाडं दरसाल खांडली जातात, आणि ठाकूरवाडीच्या बाया डोक्यावर फांद्यांचे भारे घेऊन उतरतात. साहेबांचं म्हणणं होतं की न भाजताही, नीट खत घालून, रोप तेवढंच जोमदार येतं. पण नुसतं सांगून कोण ऐकणार? म्हणून आठ वाफे: चार भाजलेले, चार न भाजलेले, प्रत्येकाला लाकडी खुंटी आणि तिच्यावर पत्र्याचा नंबर. तीन वर्षांचे आकडे जुळले की गावोगाव दाखवता येतील. हे सगळं मला समजलं नव्हतं असं नाही, हीच तर माझी पंचाईत आहे! मी ते सुवाच्य अक्षरात वहीत उतरवलं होतं आणि साहेबांनी खाली 'छान' असं लिहिलंही होतं. पण वहीतलं वहीत आणि शेतातलं शेतात. अकलेचा माणूस वाफा कोरा ठेवील, यावर माझा मनातून विश्वासच नव्हता. आमच्या गावात वाफा न भाजलेला दिसला, तर त्या घरात कोणी आजारी आहे असं समजून शेजारी आपणहून भाजून देत.

साहेब दोन दिवस बैठकीला अलिबागला गेले. आभाळ भरून यायला लागलं होतं. वडील बांधावरून बघत म्हणाले, "काय रं, पेरनी आठ दिसांवर आली नि सायबाचे चार वाफे कोरेच? मानसं नाय भेटली वाटतं त्याला." मला साहेबांची दया आली. दया! घरचा उरलेला राब बैलगाडीत भरला आणि केंद्राच्या शेतावर नेला. खुंट्या आदराने उपटून बाजूला ठेवल्या, वाऱ्याची दिशा बघितली, पेटवलं. विझल्यावर खुंट्या नंबरवार परत ठोकल्या. पाच नंबरची तेवढी निखाऱ्यावर पडून एका बाजूने करपली. संध्याकाळी घरी जाताना मला वाटत होतं, साहेब पाठ थोपटतील.

ते आले, आठ काळे वाफे बघितले आणि बांधावर खालीच बसले. मग पाच नंबरची खुंटी उपटून हातात फिरवत म्हणाले, "आरं, वहीत तर बरोबर लिहिलं होतंस..."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये जाऊन त्यांना अक्कल शिकवली. म्हटलं, "साहेब, शेजारच्या शेतातली ठिणगी उडाली असं लिहा ना. कोण विचारतंय?" ते म्हणाले, "मी विचारतोय ना." आणि अहवालात सरळ लिहिलं: शिकाऊ विद्यार्थ्याने चार वाफे भाजल्यामुळे या वर्षीचा प्रयोग रद्द. वरून उत्तर आलं की यापुढे प्रयोगाच्या शेतात विद्यार्थी नकोत. वर्ग बंद. प्रयोगही पुन्हा मंजूर झाला नाही, साहेबांची बदली झाली, आणि डोंगरावरून फांद्यांचे भारे अजून उतरतातच.

मी आता पनवेलच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. दर मे महिन्यात आंब्याखाली लोळणारी पोरं दिसली की माझं डोकं फिरतं. एक ओळ! एका ओळीच्या थापेने पंधरा उन्हाळे पोरं त्या शेडमध्ये बसली असती. साहेबांना मी हे पत्रातून दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा त्यांनी पावसापाण्याचं लिहिलं, आणि खाली, 'मिठाचं पाणी करतोस ना पोरांकडून?'

गेल्या रविवारी मोहोपाड्याला जाऊन आलो. कॉलनीतलं घर, मागे हातभर जागा, तीत मिरच्यांचं रोप टाकलेलं. दोन चिमुकले वाफे, एक राखेने काळा, एक कोरा. कोऱ्यात ती खुंटी. पत्र्यावरचा पाच अर्धा करपलेला. "दर साल असंच करायचे," साहेबांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या. "दोन्हीकडची रोपं मोजत बसायचे." कुठली चांगली यायची, ते विचारायचं मला धाडस झालं नाही. त्याऐवजी चहा घेता घेता माझं जुनंच गाऱ्हाणं काढलं: एक ओळ खोटी लिहिली असती तर केवढं वाचलं असतं, पण साहेबांनी ऐकलं नाही...

काकूंनी माझा रिकामा कप उचलला.

"खोटं लिहा म्हणून सांगायला बरा शेडपर्यंत गेलास," त्या म्हणाल्या. "भाजायच्या आधी कुणाला विचारायला जायचं, तेव्हा पाय मोडले होते का रं तुझे?"