तिसऱ्या पायाबद्दल एका वाचकाचं पत्र

पत्रकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत एकही उरलं नव्हतं. चोवीस वर्षं त्यांनी वाचकांची पत्रं हाताळली, त्यात नाव कुठेतरी गळून पडलं आणि हे चिकटलं. आणि पत्रं तरी कसली! पाठकोऱ्या कागदांवर, वहीच्या फाडलेल्या पानांवर, एकदा तर औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर. राग आलेला माणूस चांगला कागद शोधत बसत नाही. काका लाल पेन्सिल घेऊन बसायचे. 'हा अधिकारी गाढव आहे' असं कुणी लिहिलं, की त्याचं 'या अधिकाऱ्यांनी फेरविचार करावा' व्हायचं. गाढव जायचं, म्हणणं राहायचं. दुसऱ्या दिवशी तोच वाचक छापलेलं पत्र चारचौघांना दाखवत फिरायचा आणि आपण मुळात काय खरडलं होतं ते सोयीस्कर विसरायचा. काकांना याचा भारी अभिमान.

बायको दवाखान्यात नर्स, तिची कायमची दुपारपाळी. त्यामुळे लेक शाळा सुटली की काकांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर दप्तर टाकून बसायची. दहा वर्षांची असताना तिच्या हातून शाळेतला पृथ्वीचा गोल पडला आणि फुटला. घरी कुणाला बोलली नाही. जेवणावरून मात्र दोन वेळा तशीच उठली. तिसऱ्या दिवशी पत्रांच्या गठ्ठ्यात काकांना एक कागद सापडला. 'महोदय, शाळेतला गोल एका मुलीने फोडला. ती अत्यंत निष्काळजी आहे. तिचं नाव छापावं. कळावे, एक वाचक.'

अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. पेन्सिल घेऊन त्यांनी 'फोडला' खोडून 'हातून निसटला' केलं, 'अत्यंत निष्काळजी' वर आडवी रेघ मारली, तिथे 'मुलीला फार वाईट वाटत आहे' लिहिलं आणि शेवटचं वाक्य उडवून टाकलं. कागद तिच्यासमोर सरकवला. तिने वाचला, नाक पुसलं आणि म्हणाली, "बाबा, भूक लागली." झालं. एवढ्यावर भागलं.

आता ते दिवस गेले. सात वर्षांपूर्वी पत्रांचं पान बंद पडलं आणि काकांसमोर संगणकाचा पडदा आला. बातमीखाली लोक प्रतिक्रिया टाकतात, त्या आधी काकांकडे येतात. बटणं दोन, हिरवं आणि लाल. हिरवं दाबलं की प्रतिक्रिया वर जाते. लाल दाबलं की यंत्र कारण विचारतं, शिवी की धमकी की जाहिरात, आणि लिहिणाऱ्याला परस्पर कळवतं, 'तुमची प्रतिक्रिया नियमांत बसत नाही.' काहीच दाबलं नाही, तर तीन मिनिटांनी ती आपली आपण वर जाते. तिसरं बटण नाही. एक शब्द इकडचा तिकडे करायची सोय नाही. गाढव तर गाढव, जाऊ दे वर!

प्रतिक्रिया आपल्या हातून जातात एवढं लेकीला माहीत होतं, पण शब्द बदलता येत नाहीत हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. सांगणार होते. पण तिनेच एकदा फोनवर विचारलं, "काय बाबा, पेन्सिलीला टोक आहे ना अजून?" आणि यांच्या तोंडून निघून गेलं, "आहे की!" एकदा थाप मारली की ती निभवावी लागते. मग काका दर महिन्याला एखादं पत्र रचून सांगायचे. अमक्याने असं लिहिलं, मी त्याचं तसं केलं. पोरगी तिकडे खळखळून हसायची.

तिकडे म्हणजे दुसऱ्या शहरात, अवकाश संस्थेत. एका लघुग्रहावर उतरायला यान निघालं होतं. त्याला चार पाय, आणि त्यातला तिसरा पाय लेकीचा. म्हणजे त्या पायाची कडी. पाय उघडला की कडी बसायची आणि पाय ताठ राहायचा. हाताच्या पंजाएवढी वस्तू, पण सहा वर्षं पोरीने दुसरं काही केलं नाही. लग्नाचं विचारलं तर म्हणायची, "आधी पाय टेकू दे."

मंगळवारी सकाळी दहा वाजता यान उतरलं आणि कलंडलं. दुपारी बातमी आली की तिसरा पाय उघडला, पण कडी बसली नाही.

काकांनी बातमी दोनदा वाचली. आणि तेवढ्यात प्रतिक्रियांचा लोंढा सुरू झाला. 'आमच्या गल्लीत दगड कमी होते का, म्हणून तिकडे गेले?' 'लंगडं यान, लंगडी संस्था.' 'माझ्या स्टुलाचाही तिसरा पाय असाच आहे, मला घ्या नोकरीवर.' एका गृहस्थांनी कडीत तेल घालायचा सल्ला दिला होता. एरवी काका हसले असते. शिवी एकात नाही, धमकी नाही. हिरवं, हिरवं, हिरवं. ज्या बोटाने पोरीला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली, त्याच बोटाने ते तिची थट्टा जगापुढे सोडत होते.

मध्येच तिचा फोन आला. "मी बरी आहे बाबा. चौकशी बसलीय. खोलीत कुणी कुणाशी बोलत नाहीये."

"त्या प्रतिक्रिया वाचू नकोस हं."

"छे, कोण वाचतंय!"

साडेतीनला पडद्यावर एक प्रतिक्रिया आली. 'महोदय,' अशी सुरुवात. सात वर्षांत काकांना कुणी महोदय म्हटलं नव्हतं.

'महोदय, यानाच्या तिसऱ्या पायाची कडी ज्या व्यक्तीने तपासली, ती अत्यंत निष्काळजी आहे. तिच्यामुळे दोनशे माणसांची सहा वर्षं पाण्यात गेली. तिचं नाव छापावं. कळावे, एक वाचक.'

काकांचा हात आपोआप खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. काय करायचं ते त्यांना अगदी नेमकं ठाऊक होतं. 'अत्यंत निष्काळजी' उडवायचं, नाव छापायचं वाक्य उडवायचं. चार रेघांचं काम. पोरगी त्या चार रेघांचीच वाट बघत तिकडे बसली होती. पण पेन्सिल लावायची कुठे, काचेवर? लाल दाबावं, तर तिला यंत्राचं उत्तर जाणार, नियमांत बसत नाही म्हणून. गोल फुटला तेव्हासुद्धा बापाने तिला असं दारातून परत पाठवलं नव्हतं. एक मिनिट गेलं.

ते उठून वेबसाइटच्या मॅडमकडे गेले. मॅडम वयाने निम्म्या, स्वभावाने चांगल्या.

"मॅडम, एका प्रतिक्रियेतले दोन शब्द बदलायचे आहेत. दोनच."

"काका, कितीदा सांगितलं? वाचकाच्या शब्दांना हात लावायचा नाही. उद्या तो म्हणेल, मी असं लिहिलंच नव्हतं."

"तो नाही म्हणणार. म्हणजे, ती."

"ओळखीचं आहे का कुणी?"

काय सांगायचं? ही माझी लेक, आणि ती स्वतःचीच तक्रार घेऊन आलीय? मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या, "अहो, सोयच नाही तशी. मला स्वतःलाही नाही."

काका परत आले, तोवर पडद्यावरची तिची जागा रिकामी होती. पत्र वर गेलं होतं. त्यांनी घाईघाईने लेकीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावणार, तोच तिचा आला.

"वाचलंत?" तिने विचारलं.

"वाचलं गं."

"मी बघत बसले होते. तीन मिनिटांनी आलं. एकही शब्द बदलला नाहीत."

"अगं, मला बदलता येत नाही! सात वर्षं झाली. आता नुसती दोन बटणं असतात. पेन्सिलबिन्सिल काही नाही."

"मागच्या महिन्यात तर एका मास्तरांचं पत्र निम्मं केलंत म्हणालात."

"थाप होती ती. सगळ्या थापा होत्या."

"बाबा, तुम्ही माझी खोटी समजूत कधी काढली नाहीत. आज नका काढू."

"शपथेवर सांगतो..."

"जिथे खरंच चूक असते, तिथे तुमची पेन्सिल उगाच चालत नाही. मला माहीत आहे." तिचा आवाज अगदी शांत होता, आणि त्यानेच काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "आत बोलावतायत. ठेवते."

"तू जेवलीस का?" काकांनी विचारलं, पण फोन बंद झाला होता.

पडद्यावर तिच्या पत्राखाली पहिलं उत्तर येऊन थांबलं होतं. 'शंभर टक्के बरोबर. नाव कळलंच पाहिजे.' काकांनी लाल दाबलं. यंत्राने कारण विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा कामात खोटं बोलून त्यांनी 'शिवी' वर बोट ठेवलं. ते उत्तर उडालं. तोवर त्याच्या जागी आणखी चौदा आली होती, सगळी तेच म्हणणारी, आणि प्रत्येकाची तीन मिनिटं सुरू झाली होती. त्या सगळ्यांच्या वर लेकीचं पत्र होतं, जसंच्या तसं.