अळणी श्रावण

मी बदनापूरला शाळेत विज्ञान शिकवतो. लिथियम सगळ्यात हलका धातू, चाकूनं कापता येतो, रॉकेलवरसुद्धा तरंगतो, मोबाइलच्या बॅटरीत असतो, हे किती वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. त्याच्या क्षाराची गोळी असते आणि ती माणसाचं डोकं ठिकाणावर ठेवते, हे मात्र बायकोमुळं कळलं.

मुलगी झाल्यावर तिचं बिनसलं. चार-चार दिवस झोप न्हाई, अखंड बडबड, आणि मंग महिनाभर भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. जालन्याच्या डॉक्टरांनी लिथियम सुरू केलं. अधूनमधून रक्त तपासायचं, बाकी काही न्हाई. हळूहळू माझी बायको मला परत मिळाली. माझ्याशी भांडायला लागली, तेव्हा काय आनंद झाल्ता म्हणून सांगू!

गेल्या साली, बरी झाले म्हणून तिनं श्रावणभर अळणी खायचं ठरवलं. मला विचारलं बरं का तिनं आधी. "अहो, गोळी चालू असताना मीठ सोडलं तर चालंल का?"

मी वह्या तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "बिलकुल चालतंय. उलट बीपीला चांगलं." विज्ञानाचा मास्तर ना मी! चुलीत घाला असलं शिक्षण.

तिसऱ्या आठवड्यात तिचे हात थरथरायला लागले. चहा बशीत सांडायचा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "उपासाचा अशक्तपणा हाय, लिंबूपाणी द्या." दिलं, तेही बिनमिठाचं. नंतर उलट्या सुरू झाल्या, जीभ जड झाली, चालताना झोकांड्या जायला लागल्या. तेव्हा कुठं गाडी करून जालन्याला नेलं.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "मीठ कमी केलंय का?" मला फळ्यावरची आवर्तसारणी आठवली. मिठातलं सोडियम आणि हे लिथियम एकाच गणातले, एकाखाली एक. अंगात मीठ कमी पडलं की मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकत न्हाई, रक्तात साठवतं. औषधाचं विष झाल्तं. तो गण मी दरवर्षी पोरांकडून घोकून घेतो हो!

जीव वाचला. पण मूत्रपिंडाला धक्का बसला, म्हणून लिथियम कायमचं बंद. दुसऱ्या गोळ्या दिल्यात, दोनदा बदलल्या, बराबर लागू पडंनात. परत नेलं, तर डॉक्टर म्हणाले, वाट बघा. मी बघून राह्यलो. दुसरं काय करणार?

परवापासून तिची झोप उडालीय. आज सकाळी सगळी भांडी अंगणात मांडून बसली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "मला समजून राह्यलंय, मी चालले. धरा ना मला."

मी तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"असं न्हाई हो," ती म्हणाली. "त्या गोळीनं धरल्तं, तसं धरा."